भजनाच्या ध्वनिमुद्रणासाठी एफएम सिंथ: फुकटचे डेक्स्ड पुरेल की विकतचे घ्यावे?

काळी_दोन (देवगड)

नमस्कार मंडळी. डबलबारी भजन करणाऱ्या एका मंडळात मी गेली सहा वर्षे बुवांच्या पेटीच्या जोडीला कीबोर्ड वाजवतो. दोन वर्षांपासून घराच्या माडीवर, आंब्याचे रिकामे खोके एका बाजूला सारून जेवढी जागा झाली तेवढ्यात, मंडळाचे अभंग आणि गजर ध्वनिमुद्रित करण्याचे कामही करू लागलो आहे. माझा जुना कीबोर्ड गेल्या पावसाळ्यात कायमचा बसला. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असल्याने खारी हवा पट्ट्यांखालच्या संपर्कांवर चढली आणि एकेक करून अकरा पट्ट्या मुक्या झाल्या. त्यात एक इलेक्ट्रिक पियानो होता, तो गेल्याचे दुःख मला कीबोर्ड गेल्याच्या दुःखापेक्षा जास्त आहे. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी एकोणपन्नास पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड घेतला आणि आवाज संगणकातूनच काढायचे ठरवले.

संगणक साधाच आहे, ८ जीबी मेमरीचा, आणि ध्वनिमुद्रणासाठी मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो. पियानोची मोठी सॅम्पल लायब्ररी एकदा चढवून पाहिली, तर बुवांचा आवाज, पेटी, पखवाज आणि झांज एवढे ट्रॅक असताना तो धापा टाकू लागला. एफएम सिंथ, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवणारे वाद्य, मेमरीवर फार भार टाकत नाही असे वाचल्यावरून डेक्स्ड हे फुकटचे सिंथ उतरवून घेतले, आणि इथून माझी खरी अडचण सुरू झाली. त्यासाठी फुकट मिळणाऱ्या आवाजांच्या शेकडो बँका मी जमवल्या आहेत. संध्याकाळी जेवण आटोपून बसतो, एकामागून एक आवाज ऐकत जातो, आणि अकरा वाजता उठतो तेव्हा एकही नोंद झालेली नसते. जो आवाज एकटा ऐकताना सुरेख वाटतो तोच पेटीच्या मागे घातला की टोचतो. इक्वलायझरने कापत गेलो की त्याचा जीव जातो.

मला हवे आहे ते फारसे नाही. अभंगाच्या मागे हलके वाजवले तर हलके आणि जोरात वाजवले तर झळकणारे इलेक्ट्रिक पियानो हवे, गजराच्या सुरुवातीला देवळातल्या घंटेसारखा एक लांब ठोका हवा, आणि पखवाजाला धक्का न लावणारा खर्ज हवा. रत्नागिरीचा माझा एक मित्र एबलटन लाइव्ह या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधले ऑपरेटर नावाचे सिंथ वापरतो. दुसरा म्हणतो की त्यात आवाज घडवणारे घटक, ज्यांनाही ऑपरेटरच म्हणतात, चारच आहेत, तेव्हा सहा ऑपरेटरांचे एफएम ८ किंवा आर्टुरियाचे डीएक्स ७ व्ही घे. आणखी एक गोष्ट म्हणजे आमच्या बुवांची पेटी जुनी आहे आणि ट्यूनर लावून पाहिले तर तिचा प्रमाण सूर ४४० हर्ट्झऐवजी ४४३ दिसतो. विकतचे सिंथ घेतल्याने माझा प्रश्न सुटेल का, आणि घ्यायचे तर कोणते घ्यावे?

गुहागरचा_भाता

काळी_दोन, तुमची अडचण वाचून हसू आले, कारण दहा वर्षांपूर्वी मी हुबेहूब याच खड्ड्यात होतो. उत्तर आधी सांगतो. आवाजाच्या दर्जासाठी डेक्स्ड तुम्हाला पुरून उरेल. विकत घ्यायचे झालेच तर चांगल्या आवाजासाठी घेऊ नका, पडद्यावर जे दिसते ते तुमच्या डोक्यात लवकर उतरावे म्हणून घ्या. एफएममध्ये निवडीचा खरा निकष तोच आहे.

तो का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग १९६७ साली संगणकावर कंपनाचे, म्हणजे आपण ज्याला सुराचे आंदोलन म्हणू त्याचे, प्रयोग करत होते. आंदोलनाचा वेग वाढवत नेला तेव्हा एका टप्प्यानंतर कानाला सूर हलताना ऐकू येईनासा झाला आणि त्याच्या जागी नवाच रंग ऐकू येऊ लागला. यावरचा त्यांचा लेख १९७३ साली प्रसिद्ध झाला. यामाहाने ते तंत्र परवान्यावर घेतले आणि १९८३ मध्ये डीएक्स ७ बाजारात आणला. त्यात सहा ऑपरेटर, त्यांची जोडणी करण्याच्या बत्तीस रीती आणि एका वेळी सोळा सूर होते. डेक्स्ड म्हणजे त्याच यंत्राची सॉफ्टवेअरमधली प्रतिकृती आहे, आणि ती मुक्त स्रोत परवान्याखाली मिळते. गूगलने अँड्रॉइडसाठी मुक्त केलेल्या सिंथच्या गाभ्यावर ती उभी आहे. यंत्रे तीन निवडता येतात आणि त्यातले मार्क वन हे जुन्या डीएक्स ७ च्या खरखरीत पोताजवळ जाणारे आहे.

आता तुमच्या कामाचे. ऑपरेटर म्हणजे एक साधी साइन लहर आणि तिचा चढउतार ठरवणारे एन्व्हलप. जो ऑपरेटर थेट ऐकू येतो तो कॅरिअर, आणि जो स्वतः ऐकू न येता दुसऱ्याला हलवतो तो मॉड्युलेटर. पेटीवर जसा भाता दिसतो पण वाजते ती स्वरपट्टी, तसेच काहीसे. मॉड्युलेटरची पातळी वाढवली की आवाज मोठा होत नाही, उजळ होतो. आणि मॉड्युलेटरचे कॅरिअरशी जे गुणोत्तर असेल त्यावर तो उजळपणा सुरेल आहे की धातूचा, हे ठरते. कॅरिअर १ ला मॉड्युलेटर १ ठेवला तर सगळे उपस्वर मिळतात, कॅरिअर १ ला मॉड्युलेटर २ ठेवला तर फक्त विषम मिळतात, आणि पूर्णांक सोडले की घंटा वाजू लागते.

तुमचा इलेक्ट्रिक पियानो पेटीच्या मागे का टोचतो ते यावरून कळेल. डीएक्स ७ च्या मूळ ई पियानो १ या आवाजात दोन नंबरचा ऑपरेटर १४ च्या गुणोत्तरावर बसवलेला आहे, आणि त्यातूनच ती काचेची टिणटिण येते. मधल्या सप्तकातला सा सफेद एकवर, म्हणजे साधारण २६२ हर्ट्झला, धरला तर या जोडीचे उपस्वर तेरापट आणि पंधरापट, म्हणजे सुमारे ३४०० आणि ३९०० हर्ट्झच्या आसपास पडतात. झांजेची धार आणि बुवांच्या शब्दांतली व्यंजने ऐकू येण्यासाठी लागणारी जागा नेमकी तीच. तिथे तुम्ही इक्वलायझरने कापलेत की ठोक्याच्या क्षणी टोचणारी टिणटिण आणि नंतर उरणारा गोडवा ही दोन्ही एकाच सुरीने कापली जातात. त्याऐवजी दोन नंबरच्या ऑपरेटरची पातळी आठने खाली आणा. डीएक्स ७ च्या पातळीची एक पायरी सुमारे पाऊण डेसिबलची असल्याने आठ पायऱ्यांत त्या मॉड्युलेटरचा प्रभाव जवळजवळ निम्मा होतो, आणि बाकीच्या आवाजाला हातही लागत नाही. त्यानंतर त्याच ऑपरेटरची वेलॉसिटीशी, म्हणजे पट्टी किती जोराने दाबली त्याच्याशी, असलेली संवेदनशीलता, जी ० ते ७ अशी मोजतात, ती एकदोन पायऱ्यांनी वाढवा. हलक्या हाताला टिणटिण जवळजवळ नाहीशी होईल आणि जोराच्या हाताला झळकेल. तुम्ही मागता ते हेच.

घंटेसाठी एक प्रयोग सांगतो, तो आज रात्रीच करून पाहा, आणि त्या शेकडो बँका तोपर्यंत उघडू नका. डेक्स्डमध्ये कोरा आवाज घ्या. पहिल्या जोडणीत दोन नंबरचा ऑपरेटर एक नंबरला हलवतो, त्यामुळे बाकीचे चार तसेच शून्यावर राहू द्या. दोन नंबरचे गुणोत्तर १.४० करा, म्हणजे स्थूल आकडा १ आणि सूक्ष्म ४०. त्याची पातळी हळूहळू ८० च्या पुढे न्या. चाउनिंग यांनी आपल्या लेखात घंटेसाठी दिलेले आकडे याच गुणोत्तराचे आहेत, २०० हर्ट्झचा कॅरिअर आणि २८० चा मॉड्युलेटर. बेरीज-वजाबाकी केली की ८०, ३६०, ४८०, ६४०, ७६० असे उपस्वर मिळतात आणि त्यांतला एकही २०० च्या पटीत नाही. कानाला घंटा ऐकू येते ती या विस्कळीतपणामुळे. एन्व्हलपमध्ये चार पातळ्या आणि त्यांच्याकडे जाण्याचे चार वेग असतात. मग दोन्ही ऑपरेटरांच्या एन्व्हलपमध्ये पहिली पातळी ९९, उरलेल्या शून्य, आणि दुसरा वेग सुमारे ३० ठेवा. आकडा कमी म्हणजे उतार लांब, हे डीएक्सचे उलटे गणित लक्षात असू द्या. चौथा वेगही तेवढाच कमी करा, नाहीतर पट्टी सोडताच घंटा कोणीतरी हाताने धरल्यासारखी गप्प होईल. शेवटी मॉड्युलेटरचा दुसरा वेग कॅरिअरपेक्षा थोडा जास्त करा, म्हणजे ठोक्याची चमक आधी विरेल आणि गुंजन मागे राहील. खऱ्या घंटेतही असेच होते.

डेक्स्डमध्ये सहाही ऑपरेटर एकाच पडद्यावर दिसतात आणि प्रत्येक वेगळा बंद करता येतो. आवडलेल्या कुठल्याही आवाजात मॉड्युलेटर एकेक करून बंद करत जा आणि काय गेले ते ऐका. मी जे काही शिकलो ते या एका सवयीने.

शिमगा_ढोल (चिपळूण)

वरचे उत्तर मोलाचे आहे, तरी एक विरोधी सूर लावतो. देवळातली घंटा हवी असेल तर देवळात जाऊन ती मुद्रित करावी. आमच्या गावदेवीच्या घंटेचे मी दुपारी, गाभारा बंद असताना, पुजाऱ्यांना विचारून सात ठोके घेतले. त्यातले चार कावळ्यांनी घालवले, पण उरलेले तीन गेली चार वर्षे प्रत्येक कामात वापरतो आणि ऐकणाऱ्यांना ती घंटा कुठल्या देवळातली ते ओळखू येते. एफएमची घंटा जिथे तिला ठराविक सुरात वाजायचे असते तिथे घ्यावी, कारण देवळातली घंटा तुमच्या काळी दोनमध्ये असण्याची शक्यता कमीच. गजराच्या सुरुवातीला एकच ठोका असेल आणि त्यानंतर पेटी लागणार असेल, तर दोन्ही एकत्र घ्या. खऱ्या घंटेचा आघात आणि एफएमच्या घंटेचे सुरातले गुंजन, असा मेळ मला फार बरा वाटतो.

खर्जाबद्दलही सांगतो. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक असते आणि तिचा घुमारा खाली लांबवर जातो. त्याच्याखाली तुम्ही लांबलेला साइन लहरीचा खर्ज ठेवलात तर दोघे मिळून चिखल होतो. शिवाय मंडळाचे भजन लोक ऐकतात ते मोबाइलवर, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज ऐकूच येत नाही. म्हणून खर्जाला सुरुवातीला मॉड्युलेटरचा एक छोटा टोला द्या, जो एकदशांश सेकंदात विरून जाईल. त्यातून निघालेल्या वरच्या उपस्वरांवरून कान खालचा सूर स्वतःच ओळखतो. चार ऑपरेटरांच्या जुन्या टीएक्स ८१ झेड या यंत्रातला लेटली बेस नावाचा खर्ज अजून लोकांच्या तोंडी आहे, तेव्हा सहाच ऑपरेटर लागतात असे काही नाही.

तुमच्या मित्राला म्हणावे, ऑपरेटर मोजण्यापेक्षा पखवाज ऐक.

फेरीबोट (अलिबाग)

मुंबईच्या स्टुडिओंत बरीच वर्षे काम करून आता मी अलिबागला घरूनच मिश्रणाची कामे घेतो, आणि विकतच्या सिंथांपैकी बहुतेक वापरून झालेली आहेत. त्यामुळे प्रश्नाचा जो भाग अजून कोणी हाताळलेला नाही, म्हणजे पैसे घालायचेच असतील तर कशात घालावेत, त्याबद्दल लिहितो.

नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे एफएम ८ हे २००६ चे आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मानाने म्हाताराच. पण त्यात कुठला ऑपरेटर कुठल्याला किती हलवतो हे एका चौकटींच्या तक्त्यात आकड्यांनी लिहिता येते. डीएक्स ७ मध्ये बत्तीस ठरलेल्या जोडण्यांपैकी एक निवडायची असते, इथे तुमची जोडणी तुम्हीच बांधता. साइनशिवाय इतर लहरीही मिळतात आणि सहा ऑपरेटरांच्या जोडीला एक गोंगाट व सॅच्युरेशनसाठी आणि एक फिल्टरसाठी, असे दोन जास्तीचे आहेत. ज्याला तक्ता वाचण्याची सवय आहे, हिशोबाच्या वह्या ज्याला आवडतात, त्याचे त्यावर प्रेम जडते. डीएक्स ७ च्या जुन्या आवाजफायली त्यात घेता येतात.

आर्टुरियाचे डीएक्स ७ व्ही २०१७ मध्ये आले. त्याचा मुख्य फायदा असा की एन्व्हलप बोटाने ओढून बदलता येतात आणि आतच इफेक्ट आहेत, त्यामुळे आवाज उघडताक्षणी भरलेला वाटतो. माझे मत विचाराल तर हाच त्याचा धोकाही आहे. रिव्हर्ब आणि कोरस लावून सजवलेला प्रीसेट, म्हणजे आयता आवाज, दुकानातल्या दिव्याखालच्या साडीसारखा असतो, घरी आणल्यावर रंग वेगळाच निघतो. ज्याला भजनाच्या भरलेल्या मिश्रणात जागा शोधायची आहे त्याने सगळे इफेक्ट बंद करून मगच सिंथ पारखावे. कोर्गचे ऑप्सिक्स नेटिव्ह हे सहा ऑपरेटरांचे आणखी एक आहे. त्यात ऑपरेटरला एफएमशिवाय इतर भूमिकाही देता येतात, पण तुमच्या तीन आवाजांसाठी तो पसारा होईल.

ऑपरेटर या नावाचे वाद्य चांगले आहे यात वाद नाही. चार ऑपरेटर आणि अकरा जोडण्या असल्या तरी त्याची मांडणी इतकी स्वच्छ आहे की नवशिक्याला एफएम शिकवायचे तर मी तेच उघडतो. पण ते लाइव्हच्या आतच चालते, आणि तुम्ही रीपरवर आहात. एका वाद्यासाठी अख्खे घर बदलू नका. याच न्यायाने एफएल स्टुडिओ वापरणाऱ्याने आधी सायट्रस आणि लॉजिक वापरणाऱ्याने आधी ईएफएम १ उघडून पाहावे. ईएफएम १ मध्ये तर एक मॉड्युलेटर आणि एक कॅरिअर एवढेच आहे, तरीही वर सांगितलेली घंटा त्यात निघते.

दोन गोष्टी ऐकून पारखाव्यात असे मला वाटते. वरच्या सप्तकात मॉड्युलेटर जोरात ठेवून एकेक पट्टी चढत जा. कुठेतरी सुराशी संबंध नसलेली, चढण्याऐवजी उतरणारी शिट्टी मागे ऐकू येऊ लागेल. उपस्वर संगणकाच्या मर्यादेपलीकडे गेले की ते दुमडून खाली परततात, त्याचा हा परिणाम. कोणते सिंथ हे किती आवरते यात बराच फरक पडतो, आणि तुमच्यासारख्याला उंच टिपेचे इलेक्ट्रिक पियानो वाजवायचे असेल तर तो फरक महत्त्वाचा आहे. दुसरे म्हणजे एकच सूर हलका, मध्यम आणि जोरात असा वाजवून पाहा. तिन्ही वेळा फक्त आवाज लहानमोठा होत असेल आणि रंग बदलत नसेल तर तो प्रीसेट करणाऱ्याने एफएमचा अर्धा अर्थ वायाच घालवला आहे, मग सिंथ कितीही महाग असो.

आता कोकणातली गोष्ट. विकतची बहुतेक सिंथ इंटरनेटवरून चालू करून घ्यावी लागतात. तीन वर्षांपूर्वी जुलैत, ऐन वादळात, आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती आणि टॉवरही बंद होता. वीज आली, नेट आले नाही, आणि बाहेरगावाहून आलेला गायक माडीवर बसलेला असताना माझे एक विकतचे इफेक्ट प्लगइन परवाना तपासायचा म्हणून अडून बसले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष माझाही होता. चहाचे तीन कप झाल्यावर मी ते काढून टाकले आणि साध्याने काम भागवले. तेव्हापासून काम हातावेगळे होताच प्रत्येक सिंथचा ट्रॅक वेव्ह फायलीत उतरवून ठेवतो. तुम्हीही ते करा, डेक्स्ड वापरलेत तरी करा. पाच वर्षांनी बुवा जुना अभंग नव्याने मागतील तेव्हा संगणक आणि सॉफ्टवेअर दोन्ही बदललेले असेल.

काळी_दोन (देवगड)

सर्वांचे मनापासून आभार. गुहागरच्या दादांनी सांगितलेली घंटा त्याच रात्री केली. पहिल्या अर्ध्या तासात ती घंटेपेक्षा पत्र्याच्या पिंपासारखी वाजत होती, कारण मी मॉड्युलेटरची पातळी ९९ वर नेऊन ठेवली होती. ती ८४ वर आणली आणि त्याचा दुसरा वेग ३८ केला, तेव्हा घरातली माणसे खालून विचारू लागली की देव्हाऱ्यात कोण आहे. शिमगा_ढोल यांच्या सूचनेप्रमाणे आमच्या देवळातल्या घंटेचा ठोकाही घेतला आहे, तो या गुंजनावर ठेवून पाहिला. मधे एक पोकळी वाटते, पण ती बहुधा मी दोन्हींच्या सुरुवाती नीट जुळवल्या नसल्यामुळे असावी.

इलेक्ट्रिक पियानोत मात्र मला सर्वात जास्त आश्चर्य वाटले. दोन नंबरचा ऑपरेटर आठने उतरवला आणि इक्वलायझर पूर्ण काढून टाकला, तर तोच आवाज पेटीच्या मागे आपोआप बसला. एवढे दिवस मी त्याच्या अंगावरचे कापड कापत होतो, माप बदलायला हवे होते.

राहता राहिला सुराचा प्रश्न. बुवांची पेटी ४४३ वर आहे हे लिहिलेच होते. ते सारखे करून घेतले तरी एका अभंगात गंधार खटकतो. बुवांनी पेटी एका जुन्या कारागिराकडून मुद्दाम लावून घेतलेली आहे आणि तिचा शुद्ध गंधार ट्यूनरवर खाली दिसतो. हे डेक्स्डमध्ये जुळवता येईल का, की त्यासाठी विकतचेच लागेल?

गुहागरचा_भाता

येईल, आणि त्यासाठी एक रुपयाही लागणार नाही. ४४० वरून ४४३ म्हणजे सुमारे १२ सेंट चढ (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तेवढा फरक डेक्स्डच्या ट्यून या खुंटीने काढता येतो, पण गंधाराचे काम त्याने होणार नाही, कारण ती खुंटी सगळे सूर एकदमच सरकवते. समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार सापासून ४०० सेंटवर असतो आणि षड्जाशी ५ ला ४ या नात्याने लावलेला गंधार ३८६ वर, म्हणजे १४ सेंट खाली. दोन वाद्ये एकाच वेळी तो सूर धरतात तेव्हा जी लाट ऐकू येते ती याच फरकाची.

डेक्स्डमध्ये स्काला पद्धतीच्या दोन फायली घेता येतात. पहिलीत सप्तकातल्या बारा सुरांची सापासूनची अंतरे असतात. ती साध्या मजकुराची फाइल असल्याने तुम्ही बुवांची पेटी एकेक सूर ट्यूनरवर मोजून स्वतः लिहू शकता. दुसऱ्या फाइलमध्ये हे सप्तक कोणत्या पट्टीपासून सुरू होते आणि तिथली कंपनसंख्या किती, हे लिहायचे असते. तुमच्या नावावरून धरून चालतो की सा काळी दोनवर आहे. मिडीच्या मोजणीत मधल्या सप्तकातली ती पट्टी ६३ नंबरची, आणि पेटी ४४३ वर असेल तर तिची कंपनसंख्या ३१३.२५ हर्ट्झ. अर्थात हा आकडा, काळी दोन स्वतः बरोबर जागी असेल तरच खरा. जुन्या पेटीत तेही मोजूनच घ्यावे. ४४३ चा चढ या फाइलमध्ये आलेला असल्याने ट्यूनची खुंटी मग मध्यावरच राहू द्या, नाहीतर तो दोनदा धरला जाईल. आणि मोजताना भाता एकसारखा ठेवा, कारण जोर बदलला की स्वरपट्टीचा सूर थोडा हलतो आणि मग आपण पेटीऐवजी आपला हात मोजत बसतो.

दुसरे बुवा काळी एकमध्ये गाणार असतील तर मात्र दुसरी फाइल वेगळी करावी लागेल, कारण त्यांचा गंधार वेगळ्या पट्टीवर पडतो. पण आधी विचारून घ्या. पेटी एकच असेल आणि तिचे सूर जागचे हलणार नसतील, तर फाइलही एकच ठेवा आणि तुमचे वाद्य पेटीच्या मागे जाऊ द्या, गळ्याच्या नको.

विकतचे घ्यावे का याबद्दल फेरीबोट यांच्याशी मी सहमत आहे, फक्त घाई करू नका असे म्हणेन. वर्षभरात तुम्हाला बत्तीसांत न सापडणारी एखादी जोडणी हवीशी वाटली, तर तेव्हा एफएम ८ च्या तक्त्यासाठी पैसे मोजणे योग्य ठरेल. आत्ता नाही.

घंटेतली पोकळी सुरुवात जुळली नसल्याने असेलच असे नाही. देवळातल्या ठोक्याचा टप्पा, म्हणजे फेज, उलटा करून पाहा, रीपरमध्ये ट्रॅकवरच त्याचे बटण आहे.

काळी_दोन (देवगड)

टप्पा उलटा करताच पोकळी भरली. पेटीचे बारा सूर रविवारी बुवांच्या घरी जाऊन मोजणार आहे. त्यांनी एकच अट घातली आहे, की पेटीला ट्यूनर लावलेला मंडळातल्या कोणाला कळता कामा नये.

बँकांची फोल्डर पुसून टाकली नाहीत. बत्तीस आवाजांची एक बँक मोजून ४१०४ बाइटची निघाली, एखाद्या फोटोच्या तुलनेत काहीच नाही, तेव्हा जागेचा प्रश्न नव्हताच. ती फक्त दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली आहेत आणि तो ड्राइव्ह आंब्याच्या खोक्यात आहे.